परदेशांतील सासर आणि उंबरठ्याचें स्त्रीधन

चांद्याच्या महाकालीच्या देवळांत लहानपणीं आम्ही वडिलांचें बोट धरून जात असूं, तेव्हां ते आम्हांस एक आख्यायिका सांगत. चांद्याचा गोंड राजा बीरशहा यानें आपली एकुलती एक कन्या देवगडच्या राजघराण्यांत दिली होती. जांवयानें तिचा अपमान केल्याची वार्ता चांद्यास पोंचली, तेव्हां राजा महाकालीस नवस बोलून सैन्यासह निघाला आणि लढाईंत जांवयाचें मस्तक कापून त्यानें तें देवीस वाहिलें, असें सांगतात. बीरशहाच्या मागें राणी हिराईनें राज्य सांभाळलें; हल्लींचें देऊळ व पतीची समाधि हीं तिचींच कामें मानलीं जातात. आख्यायिकेंत खरें किती याचा निवाडा इतिहासकारांनीं करावा. आमच्या बालमनावर मात्र त्या वेळीं एकच गोष्ट ठसली, ती ही कीं, मुलगी दिली म्हणून तिच्याकडे जाण्याचा रस्ता कांहीं आपण विकलेला नसतो. तो रस्ता आज कोठें येऊन अडला आहे, हें आमच्या घरावरूनच आम्हांस कळलें. तें वाचकांपुढें मांडावें या हेतूनें हे चार शब्द लिहीत आहों.

परमुलखांत मुलगी देणें चांद्याच्या लोकांस नवें नव्हतें. वर्धा नदीच्या अलीकडे इंग्रजांचा मध्यप्रांत आणि पलीकडे निजामाचें राज्य. राजुऱ्याचा मुलूख १९५६ पर्यंत हैदराबादेकडे होता. १९५९ सालीं तो चांदा जिल्ह्यास जोडला गेला. आमचीं वडील माणसें त्यास मोगलाईच म्हणत. दक्षिणेस सिरोंच्यापाशीं प्राणहिता गोदावरीस मिळते, तेथेंही पैलतीर निजामाचा. इंद्रावतीपलीकडे बस्तर संस्थान. नाणें निराळें, कचेरी निराळी, कायदा निराळा. तरी सोयरिकी होत असत. मुलीचें सासरीं बिनसलें, तर भावानें छकडा जुंपावा, नदीस उतार पाहून पलीकडे जावें, आणि बहिणीस घेऊन दिवेलागणीच्या आंत घर गांठावें. जकातीच्या नाक्यावर फार तर गांठोडें सोडून पाहत. परंतु ही बाई कोणाची कोण आणि कोणत्या हक्कानें या मुलखांत राहते, असें तिला कोणी विचारीत नसे.

जुन्या काळाचे गोडवे गाण्याचा मात्र आमचा हेतु नाहीं. रस्ता मोकळा होता, पण मनें मोकळीं नव्हतीं. परत आलेली मुलगी माजघराच्या अंधारांत दुसऱ्याच्या मुलांचीं न्हाणींधुणीं करीत आयुष्य कंठी, आणि ‘टाकलेली’ हें विशेषण तिच्या नांवाआधीं कायमचें लागे. कायद्याची फारकत तर आमच्या समाजास ठाऊकच नव्हती. बडोदें संस्थानानें १९३१ सालीं आणि मुंबई प्रांतानें १९४७ सालीं हिंदूंसाठीं घटस्फोटाचा कायदा केला. आम्हां मध्यप्रांतीयांस १९५५ च्या हिंदु विवाह कायद्याची वाट पाहावी लागली. आज स्थिति उलट झाली आहे. मनें पूर्वीपेक्षां कांहींशीं रुंदावलीं आहेत, आणि रस्ता मात्र एका कागदाच्या रुंदीएवढा उरला आहे.

आमचे धाकटे बंधु वनखात्यांत होते. आलापल्ली, एटापल्ली, सिरोंचा अशा ठिकाणीं त्यांची नोकरी झाली, आणि त्यांची कन्या सागाच्या सावलींत वाढली. आजचा गडचिरोली जिल्हा १९८२ सालीं निराळा झाला, त्यानंतरच्या पिढीची ही मुलगी. पावसाळ्यांत नाले भरले कीं चार-चार दिवस टपाल येत नसे, अशा वस्तींत राहून ती शिकली, नागपुरास अभियांत्रिकीची पदवी मिळवून तेथेंच नोकरीस लागली. पुढें एक स्थळ चालून आलें. मुलगा अमेरिकेंत संगणकाच्या कामावर, घराणें परिचितांपैकीं, पत्रिका उत्तम जमलेली. आम्ही घरांतले वडील, म्हणून बोलणीं आम्हींच केलीं. पगार किती, घर स्वतःचें कीं भाड्याचें, मुलास कांहीं व्यसन आहे काय, धाकट्या नणंदेचें लग्न व्हावयाचें आहे काय, सर्व कांहीं विचारलें. मुलीच्या अंगावर किती तोळे घालावयाचे, याचा हिशेब तीन बैठका चालला. लग्नपत्रिकेवर ‘चि. सौ. कां.’ हीं अक्षरें सोनेरी शाईनें छापलीं. ज्या परवान्यावर ती परदेशीं चालली होती त्यावर काय लिहिलें आहे, हें मात्र आमच्यापैकीं एकानेंही वाचलें नाहीं. आम्हीं स्वतः वाचलें नाहीं, ही गोष्ट आज कबूल करणें भाग आहे.

त्या परवान्याचें नांव ‘एच-४’. परक्या देशांतून कुशल कामासाठीं बोलाविलेल्या माणसास अमेरिका ‘एच-१बी’ नांवाचा परवाना देते, आणि त्याच्या बायकोस व अल्पवयीन मुलांस त्याच्या आधारानें ‘एच-४’ मिळतो. नवऱ्याची नोकरी टिकेल तोंवर त्याचा परवाना, आणि त्याचा परवाना व विवाह हीं दोन्हीं टिकतील तोंवर बायकोचा. एच-४ वर गेलेल्या स्त्रीस पूर्वीं नोकरी मुळींच करतां येत नसे. २०१५ सालीं नियम झाला तो इतकाच कीं, नवऱ्याच्या कायम वास्तव्याचा, म्हणजे ग्रीन कार्डाचा, अर्ज एका ठराविक टप्प्यापर्यंत मंजूर झाला असेल, तर बायकोनें नोकरीचा वेगळा परवाना मागावा. परंतु त्या ग्रीन कार्डासाठीं भारतांत जन्मलेल्यांची रांग कित्येक वर्षांची आहे, कारण कोणत्याही एका देशाच्या लोकांस वार्षिक संख्येच्या साधारण सात टक्क्यांहून अधिक वांटा मिळत नाहीं. आमची पुतणी पदवीधर, नागपुरास आपल्या हिंमतीवर पगार मिळविणारी; ती त्या रांगेंत नवऱ्याच्या मागें उभी राहिली, आणि पहिलीं कित्येक वर्षें तिनें भांडीं लावण्यांत व खिडकींतून बर्फ पाहण्यांत घालविलीं.

सहा वर्षें गेलीं. मध्यंतरीं मुलगा झाला. पुढें उभयतांचें पटेनासें झालें. यांत जांवयास राक्षस ठरविण्याची आमची मुळींच इच्छा नाहीं. त्यानें हात उगारला नाहीं, उपाशी ठेवलें नाहीं. दोन माणसांची मनें विटलीं, एवढेंच झालें. एके पहाटे दूरध्वनि वाजला, आणि घटस्फोटाचा अर्ज दाखल व्हावयाचा आहे असें तिनें कांपऱ्या आवाजांत सांगितलें. आम्ही घरांतले वडील, म्हणून उपदेशाचा अधिकारही आमचाच. आम्ही म्हणालों, “पोरी, थोडें नमतें घे. घाई करूं नको. काळ हें मोठें औषध आहे.”

त्यावर ती क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, “काका, बाबांच्या नाक्यावर लांकडाच्या गाड्या यायच्या तें आठवतें ना? लांकूड कितीही चांगलें असो, पास दुसऱ्याच्या नांवाचा, आणि त्याची मुदत संपली, म्हणजे गाडी अडलीच. माझा पास माझ्या नांवाचा नाहीं. निकालाचा कागद हातांत पडला कीं त्या दिवशींच तो संपतो.”

ज्यांनीं बल्लारपूरचा सागाचा डेपो पाहिला आहे, त्यांस हें निराळें समजावून सांगावयास नको. जंगलांतून निघालेल्या प्रत्येक ओंडक्यावर हातोड्याची खूण असते, आणि वाहतुकीचा पास बरोबर असल्यावांचून तो नाक्यापलीकडे जात नाहीं. ज्या बंधूंनीं तीस वर्षें दुसऱ्यांचे पास तपासले, त्यांच्याच मुलीचा पास कोणीं तपासला नव्हता.

आम्हीं मात्र तिचें ऐकूनही न ऐकल्यासारखें केलें. ‘लोक काय म्हणतील’ हा प्रश्न आमच्या मनांत नव्हता असें म्हटलें, तर तें असत्य होईल. आम्हीं चार महिने उपदेश केला, उपाय केला नाहीं. दोन्ही घरचीं वडील माणसें एकत्र बसवूं, चैत्रांत महाकालीची यात्रा आहे, तेवढी होऊन जाऊं द्या, असें म्हणत आम्ही दिवस काढले. इकडे आमच्या लेखीं ते दिवस सबुरीचे होते, आणि तिकडे ते तिच्या मुदतींतून वजा होत होते.

त्या मुदतींत तिला काय करतां आलें असतें, हें आम्हांस मागाहून कळलें. स्वतःच्या हक्कानें राहावयाचें तर तिला दोन वाटा होत्या. पहिली, एखाद्या मालकानें तिच्या नांवें एच-१बी मागणें. परंतु असे नवे परवाने दरवर्षीं ६५,०००, व तेथें उच्च पदवी घेतलेल्यांसाठीं आणखी २०,०००, एवढेच निघतात. मागणारे त्याहून फार अधिक, म्हणून सोडत निघते. आणि सहा वर्षें घरीं बसलेल्या बाईस असा मालक मिळणार कसा? दुसरी वाट विद्यार्थी होण्याची. त्यासाठीं विद्यालयांत प्रवेश हवा, फीचा पैसा दाखवावयास हवा, आणि मुख्य म्हणजे अर्ज जुना परवाना जिवंत असतांनाच करावयास हवा. निकाल लागल्यावर केलेला अर्ज हा मुहूर्त टळल्यावर बांधलेल्या मुंडावळ्यांसारखा.

वाचक म्हणतील, एवढा खटाटोप कशास? सरळ घरीं यावें. माहेर कांहीं मेलें नव्हतें. आम्हीही असेंच म्हणालों. परंतु मुलाचें काय? तो अमेरिकेंत जन्मला म्हणून त्या देशाचा नागरिक. बापाचाही त्याच्यावर हक्क. त्याचा ताबा तेथील न्यायालय ठरविणार. बापाच्या संमतीवांचून किंवा न्यायालयाच्या परवानगीवांचून त्यास इकडे आणलें, तर आई गुन्हेगार ठरावी. मुलांस असें एका देशांतून दुसऱ्या देशांत नेण्यासंबंधानें हेग येथें १९८० सालीं आंतरराष्ट्रीय करार झाला आहे. भारतानें त्यावर सही केलेली नाहीं. म्हणून भारतांत नेलेलें मूल परत येईल कीं नाहीं अशी शंका परदेशच्या न्यायाधीशांस येते, आणि आईस मुलासह इकडे येऊं देतांना त्यांचा हात आंखडतो. बरें, मुलगा नागरिक आहे तर त्यानें आईस ठेवून घ्यावें, असें कोणास वाटेल. त्या देशाचा नियम असा कीं, नागरिक मुलास आईबापांसाठीं अर्ज करावयाचा तर त्याचें वय २१ पूर्ण असलें पाहिजे. आमचा नातू त्या वेळीं पांच वर्षांचा होता. म्हणजे मुलगा त्या देशाचा मालक, बाप त्या देशाचा चाकर, आणि दोघांस सांधणारी आई तेवढी त्या देशाची कोणीच नाहीं!

हा नियम कोण्या एका कठोर अधिकाऱ्याच्या डोक्यांतून निघालेला नाहीं. त्याचें मूळ फार जुनें आहे. ‘पत्नी ही पतीची छाया’ असें आपल्याकडे म्हणत, म्हणून पाश्चात्य लोक आपणांस हंसत. परंतु त्यांच्या कायद्यांत हीच छाया कलमाच्या रूपानें पसरलेली होती. इंग्रजांनीं आपल्याकडे केलेल्या १९२५ च्या उत्तराधिकार कायद्यांत पंधरावें व सोळावें कलम पाहावें. विवाह होतांच स्त्रीस पतीचा अधिवास प्राप्त होतो, आणि विवाह असेतोंपर्यंत तिचा अधिवास पतीच्या अधिवासामागें चालतो, असें तीं सांगतात. अपवाद दोनच: न्यायालयाच्या हुकुमानें उभयतां विभक्त झालेलीं असणें, किंवा पति काळ्या पाण्याची शिक्षा भोगीत असणें. हीं कलमें हिंदूंस लागू नाहींत. परंतु नवरा काळ्या पाण्यावर गेला तरच बायकोस स्वतःचा पत्ता मिळावा, ही कल्पना कशी असेल ती असो, ती आपली एकट्याची नव्हती एवढें खास. इंग्लंडच्या १९१४ च्या कायद्याप्रमाणें परकीयाशीं विवाह करणारी ब्रिटिश स्त्री स्वतःच परकीय ठरे. अमेरिकेचाही १९०७ चा कायदा असाच होता. तो १९२२ सालीं बहुतांशीं सुटला. परंतु १९२३ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें हिंदी लोक नागरिकत्वास पात्र नाहींत असें ठरविल्यामुळें, हिंदी माणसाशीं लग्न करणाऱ्या अमेरिकन स्त्रीस १९३१ पर्यंत आपल्या जन्मभूमीच्या नागरिकत्वास मुकावें लागे.

पुढें स्त्रियांनीं झगडून हे नियम मोडविले. इंग्लंडनें १९७३ च्या कायद्यानें बायकोस स्वतंत्र अधिवास दिला. परंतु जी परतंत्रता पुढील दारानें घालविली, ती परवान्याच्या मागील दारानें पुन्हां घरांत शिरली. आज कोणताही देश ‘बायको म्हणजे नवऱ्याची छाया’ असें तोंडानें म्हणत नाहीं. तो फक्त तिच्या कागदावर ‘अवलंबित’ एवढा एक शब्द लिहितो.

या अंधारांत कांहीं खिडक्या उघडल्या गेल्या आहेत, त्या सांगितल्या पाहिजेत. ब्रिटनमध्यें नवऱ्याच्या आधारानें आलेल्या स्त्रीस कायम वास्तव्य मिळण्यापूर्वीं जी उमेदवारी करावी लागते, ती आरंभीं एक वर्षाची होती. २००३ सालीं ती दोन वर्षांची व २०१२ सालीं पांच वर्षांची झाली. उमेदवारींत विवाह मोडला तर हक्कही गेला. म्हणून मार खाऊनही बायका घरांत राहत. लंडनच्या साउथॉल भागांत १९७९ सालीं स्थापन झालेल्या ‘साउथॉल ब्लॅक सिस्टर्स’ या संस्थेनें याविरुद्ध दीर्घ लढा दिला, आणि १९९९ सालीं सरकारनें प्रथमच अशी सवलत दिली कीं, छळामुळें विवाह मोडल्याचें सिद्ध झाल्यास स्त्रीस तेथें राहतां यावें. अमेरिकेनें १९९४ सालीं स्त्रियांवरील अत्याचाराविरुद्ध जो कायदा केला, त्यान्वयें नागरिकाची किंवा कायम रहिवाशाची छळ झालेली बायको नवऱ्यास न विचारतां स्वतःचा अर्ज करूं शकते. जिचें लग्न अशा माणसाशीं होऊन दोन वर्षें झालेलीं नाहींत, तिला १९८६ च्या कायद्यानें प्रथम दोन वर्षांचें सशर्त कार्ड मिळतें व तें पक्कें करण्याचा अर्ज जोडीनें करावा लागतो. परंतु घटस्फोट झाला असल्यास, लग्न खऱ्या मनानें केलें होतें हें दाखवून तिला एकटीसही तो करतां येतो. जर्मनींत तीन वर्षें संसार झाला असल्यास विभक्त स्त्रीस सामान्यतः स्वतंत्र हक्क मिळतो. संयुक्त अरब अमिरातींत पूर्वीं घटस्फोटितेस लवकरच देश सोडावा लागे. २०१८ पासून तिला व मुलांस एक वर्षाची मुदत देण्याचें ठरलें.

पण यांतील बहुतेक खिडक्या छळ झालेल्या स्त्रीसाठीं आहेत, आणि अमेरिकेंतील मोठ्या खिडक्या नागरिकांच्या व कायम रहिवाशांच्या बायकांसाठीं. एच-४ वरील पीडित स्त्रीस २००५ च्या कायद्यानें नोकरीचा परवाना देऊं केला खरा, परंतु कायम राहण्याचा हक्क त्याबरोबर येत नाहीं. आमच्या पुतणीचें दुःख खरें होतें. परंतु कायद्यास हवें तसल्या जातीचें तें नव्हतें.

दुसऱ्यांस नांवें ठेवण्यापूर्वीं आपल्या अंगणाकडेही पाहावें. भारतीयाशीं विवाह करून जी परदेशी सून आपल्या घरीं येते, तिला विवाह नोंदवून दोन वर्षें झाल्यावर समुद्रपार नागरिकाचें ओळखपत्र मिळूं शकतें. तेंच ओळखपत्र विवाह मोडल्यास, तिचें म्हणणें ऐकून घेऊन, सरकार रद्द करूं शकतें, असें आपल्या नागरिकत्वाच्या कायद्यांत स्पष्ट लिहिलें आहे. पूर्ण नागरिकत्व हवें तर साधारण सात वर्षांचें वास्तव्य हवें. म्हणजे आपल्या ओसरीवर जर्मन किंवा जपानी सून कौतुकानें तुळशीस पाणी घालीत असेल, तर तीही आपल्या मुलाच्या मर्जीवरच या देशांत उभी आहे, हें घरच्या वडील मंडळींनीं विसरूं नये. गंमत अशी कीं, चार भिंतींच्या घरापुरता आपला कायदा पुढें गेला आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यानें, घर कोणाच्याही नांवावर असो, बायकोस त्या सामायिक घरांत राहण्याचा हक्क दिला. नवऱ्यास तिला घराबाहेर काढतां येत नाहीं. मात्र विवाह मोडला कीं देशाच्या उंबरठ्याबाहेर काढण्यास तिला कोणी हातही लावावा लागत नाहीं.

परदेशच्या निकालांविषयींही दोन शब्द सांगितले पाहिजेत. १९९१ सालीं आपल्या सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें कीं, ज्या कायद्यान्वयें विवाह झाला त्याच्या कारणांवांचून आणि बायकोच्या खऱ्या उपस्थितीवांचून मिळविलेला परदेशी घटस्फोट येथें सहसा बंधनकारक नाहीं. हें संरक्षण मोठें आहे. परंतु त्याचा परिणाम असाही होतो कीं, स्त्री इकडे सौभाग्यवती राहते आणि तिकडे परकी ठरते. इकडचें सौभाग्य दाखवून तिकडे राहतां येत नाहीं. अशा मुलींसाठीं स्वतंत्र कायदा करावा, अशी सूचना त्याच न्यायालयानें १९९४ सालीं केली. विधि आयोगानेंही २००९ व २०२४ सालीं या विषयावर अहवाल दिले. राष्ट्रीय महिला आयोगानें २००९ सालीं अनिवासी भारतीयांच्या विवाहांच्या तक्रारींसाठीं वेगळा विभाग उघडला, ही त्यांतल्या त्यांत उपयोगी गोष्ट.

आतां आमच्या घरचें शेवटचें सांगतों. चार महिने उपदेशांत घालविल्यावर एके दुपारीं आमची वहिनी, म्हणजे मुलीची आई, देवघरांतून उठून ओसरीवर आली. (नात्यानें ती धाकटी भावजय, परंतु तिच्या शहाणपणामुळें घरांत तिला सर्वच वहिनी म्हणतात.) तिनें आपल्या हातांतल्या पाटल्या काढून आमच्यापुढें ठेवल्या, त्यांवर मुलीच्या लग्नांतले माहेरीं ठेवलेले दागिने ठेवले, आणि एवढेंच म्हणाली, “भाऊजी, हें तिच्यासाठींच केलें होतें ना? मग वेळ आली आहे.” त्या सोन्यांत एका सत्राची फी भागली. उरलेल्यासाठीं मूल तालुक्यांतील धानाच्या शेतावर कर्ज काढलें. विद्यार्थी होण्याचा अर्ज निकालापूर्वीं गेला, आणि तो मंजूर होईपर्यंत निकालाची तारीख लांबविण्यास जांवयानें संमति दिली. तेवढी माणुसकी त्यानें दाखविली, याबद्दल आम्ही त्याचे ऋणी आहों. परंतु रात्रीं झोंप येत नसली म्हणजे मनांत येतें कीं, त्यानें ती दाखविली नसती तर? एका सुशिक्षित मुलीचें राहणें, शिकणें, पोटच्या पोरास भेटणें, हें सर्व ज्याच्याशीं संबंध तुटला त्याच माणसाच्या भलेपणावर टांगलेलें असावें, याहून दुसरी पराधीनता ती कोणती?

आपल्या मिताक्षरेनें स्त्रीधनाची कल्पना फार उदारपणें मांडली आहे. आमच्या समजुतीप्रमाणें त्यांतील मर्म असें कीं, स्त्री परक्या घरीं जाते, तेथें सर्वच दुसऱ्याचें असतें. म्हणून कांहीं तरी असें असावें, जें नवरा, सासरा, दीर यांपैकीं कोणाचें नाहीं, केवळ तिचें. १९८५ सालीं सर्वोच्च न्यायालयानेंही स्त्रीधन हें बायकोच्याच पूर्ण मालकीचें, असें निःसंदिग्ध सांगितलें. पूर्वींच्या काळीं ती वस्तु सोनें होती, कारण सोनें कोणत्याही मुलखांत चालत असे. मोगलाईंतही चाले आणि मध्यप्रांतांतही चाले. आज मुलगी ज्या मुलखांत जाते तेथें सोन्याआधीं कागद चालतो. म्हणून आमचें असें ठाम मत झालें आहे कीं, परदेशीं दिलेल्या मुलीचें आजचें खरें स्त्रीधन म्हणजे स्वतःच्या नांवाचा वास्तव्याचा हक्क. आणि तो मिळेपर्यंत, तो मिळविण्याचें साधन.

तेव्हां या वर्षीं ज्यांच्या घरीं परदेशचें स्थळ येईल, त्यांस आमची हात जोडून विनंती आहे. तोळ्यांच्या बैठकीपूर्वीं एक बैठक कागदांची करा. मुलगी कोणत्या परवान्यावर जाणार, त्यावर तिला काम करतां येईल काय, स्वतःचा हक्क तिला केव्हां व कशानें मिळेल, आणि विवाह न टिकल्यास त्या देशाचा कायदा काय सांगतो, हें मुलाच्या वडिलांस विचारा व एखाद्या जाणत्या वकिलाकडून पारखून घ्या. असें विचारणें अशुभ नाहीं. विमा उतरविला म्हणून कोणी मरत नाहीं. विवाहाची नोंदणी येथेंच करा. मुलीच्या पारपत्राची व सर्व कागदांची प्रत माहेरीं ठेवा, आणि पारपत्र तिनें स्वतःपाशीं ठेवावें हें तिला बजावून सांगा; कारण सुट्टीच्या निमित्तानें इकडे आणून, पारपत्र घेऊन नवरा एकटाच परत गेला, अशाही कथा घडतात. न वाचलेल्या कागदावर तिनें सही करूं नये. शिक्षण व काम जेवढें सुरू ठेवतां येईल तेवढें तिनें सुरू ठेवावें. आणि तिचा पहाटेचा दूरध्वनि आला, तर आमच्यासारखा उपदेश करूं नका. आधीं मुदत विचारा.

पुतणी अद्याप शिकते आहे. परवाना आतां तिच्या नांवाचा आहे, पण अल्प मुदतीचा. मुलगा आठवड्यांतील कांहीं दिवस तिच्याकडे, कांहीं बापाकडे असतो. देशाबाहेर पाऊल टाकलें तर परत जाण्यासाठीं वकिलातींतून नवा शिक्का घ्यावा लागतो, आणि तो मिळेलच अशी खात्री कोणी देत नाहीं. म्हणून तिला इकडे येतां आलेलें नाहीं. गेल्या चैत्रांत यात्रेच्या गर्दींत वहिनी महाकालीपुढें पुष्कळ वेळ उभी होती. बाहेर आल्यावर, काय मागितलें, असें आम्हीं विचारलें. ती म्हणाली, “कांहीं विशेष नाहीं. पोरीला येतां यावें, आणि आली तर परत जातां यावें.” बीरशहाच्या कन्येस यांतील एकही गोष्ट मागावी लागली नव्हती.